डाएट सुरू आहे, मग दाढीचा साबण कोणता घ्यायचा?

मागच्या उन्हाळ्यात माझं वजन ९४ किलो होतं. जिममधल्या एका ओळखीच्यानं दोन पानांचा कागद हातात दिला. दिवसाला ५०० कॅलरी, तेल बंद, तूप बंद, साखर बंद, तर्री-पोह्यांकडे बघायचंसुद्धा नाही. इथवर ठीक होतं. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं की अंगाला, केसांना, चेहऱ्याला तेल, क्रीम, मलम काही लावायचं नाही, कातडीतून चरबी आत जाते.

मी आज्ञाधारक माणूस. डोक्याचं तेल बंद केलं आणि दाढीच्या क्रीमची अर्धी भरलेली ट्यूबही बायकोच्या देखत कचऱ्यात टाकली. नऊ दिवस नुसत्या पाण्यावर दाढी केली. दहाव्या दिवशी गळ्यावर तांबडे फोड, कानाखाली दोन चिरा, आणि नागपुरातल्या प्रतापनगरच्या कोपऱ्यावरचे आमचे न्हावीकाका मान तिरकी करून बघत म्हणाले, "का जी भाऊ, कोरड्यावरच घासून राह्यले का?"

कारण सांगितल्यावर ते इतके हसले की खुर्चीतल्या गिऱ्हाइकाची अर्धी दाढी तशीच राहिली. मला तेव्हा हसू आलं नाही. पण त्यानंतर मी हा विषय जरा मुळातून बघितला. नव्यानं डाएट सुरू केलेल्या आणि दाढीच्या साबणापाशी अडखळलेल्या माणसासाठी ते सगळं इथं लिहितो आहे.

सुरुवात भीतीपासून

कातडीतून चरबी आत जाण्याची ही गोष्ट आली कुठून? सिमियन्स नावाचे एक ब्रिटिश डॉक्टर होते. बरीच वर्षं ते भारतातही होते, पुढे रोमला स्थायिक झाले. १९५४ साली त्यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात वजन घटवण्याची एक पद्धत मांडली. गरोदरपणात शरीरात तयार होणाऱ्या एचसीजी या संप्रेरकाची छोटी मात्रा रोज टोचून घ्यायची आणि जेवण ५०० कॅलरीत बसवायचं. या पद्धतीत अंगाला तेल-क्रीम लावायला मनाई होती, कारण कातडीवर लावलेली चरबी जवळजवळ खाल्लेल्या चरबीइतकीच वजन उतरणं अडवते असं सिमियन्स मानत. ती मनाई कागदावरून कागदावर, मोबाइलवरून मोबाइलवर फिरत आपल्या जिमपर्यंत आली. मूळ इंजेक्शन वाटेत गळून गेलं, तेलाची भीती तेवढी उरली.

इंजेक्शनचंही सांगून टाकतो. एचसीजीनं वजन कमी होतं असं सिद्ध झालेलं नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ही सूचना औषधाच्या वेष्टनावरच छापायला लावली आहे. २०११ मध्ये तर एचसीजीचे थेंब आणि गोळ्या दुकानातून थेट विकणाऱ्या कंपन्यांना तिथल्या सरकारनं इशारापत्रं धाडली. त्या पद्धतीत वजन उतरतं ते ५०० कॅलरीमुळे. अर्धपोटी माणूस वाळतो, त्याला संप्रेरक कशाला लागतं?

आता कातडीकडे येऊ. आपल्या कातडीचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या, चपट्या पेशींचा असतो आणि पेशींच्या मधल्या फटी मेदानं लिंपलेल्या असतात, विटांमध्ये चुना भरावा तशा. बाहेरचं आत जाऊ नये आणि आतलं पाणी उडून जाऊ नये, यासाठीच ती व्यवस्था आहे. तान्ह्या बाळाची कातडी पातळ असल्यानं मालिशच्या तेलातला थोडा अंश आत जाऊ शकतो, म्हणजे तेल बाळाच्या अंगात मुरतं हे आजीचं म्हणणं अगदीच वाऱ्यावरचं नव्हतं. पण मोठ्या माणसाच्या गालावर दोन-तीन मिनिटं राहून नळाखाली जाणाऱ्या फेसाची गोष्ट वेगळी.

आणि तरीही मन मानत नसेल तर गणित करून बघा. १०० ग्रॅमची दाढीच्या साबणाची वडी साधारण १०० दाढ्या चालते असं धरू. म्हणजे एका दाढीला १ ग्रॅम. त्यातला सगळाच्या सगळा भाग चरबी आहे असं मानलं आणि ती सगळी तुमच्या गालानं पिऊन टाकली असं मानलं, तरी होतात ९ कॅलरी. चहातल्या एका चमचा साखरेच्या २० होतात. प्रत्यक्षात तो साबण बेसिनमधून नाग नदीच्या दिशेनं गेलेला असतो.

शिवाय साबण म्हणजे तेल नव्हेच. तेलाची किंवा स्टिअरिक आम्लासारख्या मेदाम्लाची अल्कलीशी गाठ घातली की साबण होतो. सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे कॉस्टिक सोडा, वापरला की कडक साबण होतो, पोटॅशियम हायड्रॉक्साइड वापरला की मऊ. दाढीच्या साबणात बहुधा दोन्ही असतात, म्हणून तो अंगाच्या साबणापेक्षा लवकर भिजतो आणि त्याचा फेस दाट होऊन टिकतो.

तेव्हा पहिली पायरी झाली: डबीवर 'ऑइल-फ्री' लिहिलेलं शोधायचं नाही. आपल्याला नेमकं त्याच्या उलट जायचं आहे.

डाएट चेहऱ्याशी काय करतं

साबणाचा वजनावर परिणाम होत नाही. पण वजन उतरवण्याचा दाढीवर होतो, आणि हे मला कुणी आधी सांगितलं नाही.

पोट एकदम आवळलं की कातडी रुसते. जेवण कमी म्हणून प्रथिनं कमी, जस्त कमी, आणि तहान-भूक यांची गल्लत होऊन पाणीही कमी. बारीकशी चीर भरायलाही जास्त दिवस लागतात. तेल अगदी शून्यावर आणलं आणि महिनोन्महिने तसंच ठेवलं तर लिनोलिक आम्लाची, म्हणजे तेलातून मिळणाऱ्या एका आवश्यक मेदाम्लाची, कमतरता होऊन कातडी खपल्या धरू शकते. थोड्या आठवड्यांत एवढं होत नाही, कारण विरघळणाऱ्या आपल्याच चरबीतून ते आम्ल शरीराला मिळत राहतं. पण ओठ-गाल ओढल्यासारखे होतात ते डाएटवरचा कुणीही सांगेल. (जवसाची चटणी एक चमचा चालते का, हे आपल्या आहारतज्ज्ञांना जरूर विचारा. मला होकार मिळाला आणि त्या दिवशी जेवण जेवणासारखं लागलं.)

दुसरं म्हणजे चेहऱ्याचा नकाशा बदलतो. माझे गाल भरलेले होते तोवर रेझर सरळ रस्त्यावरून गेल्यासारखा जायचा. सहा किलो उतरल्यावर जबड्याखाली खळगा पडला, गळ्याची कातडी सैल झाली, आणि हाताला पडलेल्या वीस वर्षांच्या सवयीनं रेझर जुन्याच वळणावर जाऊ लागला. चिरा नेमक्या तिथंच पडल्या. न्हावीकाकांनी ते बोट ठेवून दाखवलं.

डोक्याचे केस गळणं हेही क्रॅश डाएटचं ठरलेलं बिल आहे, पण ते दोन-तीन महिन्यांनी येतं. दाढीला सहसा फरक पडत नाही. म्हणजे डोक्यावर विरळ आणि गालावर तितकीच राठ, अशी थट्टा निसर्ग करतो.

या सगळ्याचा साबणाशी संबंध असा की डाएटवरच्या माणसाला जास्त निसरडा आणि कमी कोरडा करणारा साबण लागतो. एरवी कुठलाही चालून जायचा, आता जात नाही.

आपल्या नळाला कोणतं पाणी येतं?

साबण घ्यायला बर्डीच्या बाजारात जाण्याआधी घरचं पाणी तपासा. नवखे लोक हीच पायरी गाळतात आणि मग तीन-तीन साबण बदलत बसतात.

नागपूरच्या बऱ्याच भागांत महापालिकेचं पाणी येतं, ते पेंच प्रकल्पाचं आणि कन्हान नदीचं. पण बाहेरच्या नव्या लेआउटांत, सोसायट्यांत बोअरचं पाणी किंवा टँकर, आणि उन्हाळ्यात तर दोन्हींची भेसळ. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त असतं. ते साबणाला पकडून न विरघळणारा दहीसारखा साका तयार करतं. बादलीच्या कडेला जी पांढुरकी रेघ दिसते तीच. फेस येतो तो विरविरीत, आणि तुम्ही शिव्या देता साबणाला.

तपासणी सोपी आहे. पाण्याच्या दोन रिकाम्या बाटल्या घ्या. एकीत तिसरा हिस्सा नळाचं पाणी, दुसरीत तेवढंच आरओचं. दोन्हीत साध्या साबणाचा हरभऱ्याएवढा कीस टाका आणि दहा वेळा जोरात हलवा. शांपू टाकू नका, त्याला जड पाण्याचं फारसं वावडं नसतं, तो खरं सांगणार नाही. आरओच्या बाटलीत भरघोस फेस आणि नळाच्या बाटलीत गढूळ पाणी असेल तर समजा पाणी जड आहे.

यावर उपाय स्वस्त आहे. दाढीपुरतं अर्धा पेला आरओचं पाणी कोमट करून घ्यायचं. ब्रश त्यातच भिजवायचा, फेस त्यातच करायचा. चेहरा धुवायला नळाचं चालेल. आरओ नसेल तर पाणी उकळून गार करा आणि वरचं नितळ घ्या. जडपणाचा एक प्रकार उकळण्यानं खाली बसतो, दुसरा बसत नाही, पण फरक जाणवतो. आमच्या घरी मी आरओचा अर्धा पेला घेतो तेव्हा आई दर वेळी म्हणते, "प्यायला पाणी नाही अन् दाढीला बिसलेरी!" ऐकून घ्यायचं.

वडी, काडी, क्रीम की फवारा

डबीतली कडक वडी ब्रशनं घोळून वापरतात. सगळ्यात जास्त दिवस पुरते, फेस सगळ्यात दाट होतो, पण हात बसायला आठवडा लागतो. काडीच्या आकाराचा साबण थेट ओल्या गालावर फिरवायचा आणि वर ब्रश मारायचा, प्रवासाला उत्तम. ट्यूबमधलं क्रीम म्हणजे मूळचा तोच साबण, जास्त पाण्यासकट. नवख्यानं याच्यापासून सुरुवात करावी असं मी म्हणेन. छोटी ट्यूब १०० रुपयांच्या आत मिळते, चुकली तरी खिशाला झळ नाही.

फवाऱ्याच्या डब्याबद्दल माझं मत वाईट आहे. त्यात हवा जास्त आणि ओलावा कमी. दिसतो मात्र ढग. भरल्या गालाच्या, तेलकट कातडीच्या पोरांना चालतो, ओढलेल्या कातडीला नाही. आणखी एक नागपुरी कारण आहे: त्या डब्यात दाबाखाली भरलेला ब्युटेन-प्रोपेनसारखा ज्वालाग्राही वायू असतो आणि ५० अंशांपेक्षा जास्त तापू देऊ नका असं त्यावरच छापलेलं असतं. मे महिन्यात बाहेर पारा ४५ च्या वर, आणि उन्हात उभ्या गाडीच्या आत त्याहून कितीतरी जास्त. जिमच्या बॅगेत डबा ठेवून ती बॅग गाडीच्या डिकीत विसरायची सवय असेल तर ट्यूबच बरी.

डबीच्या मागची बारीक अक्षरं

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं असते. पहिली पाच-सहा नावं वाचली की पुरे, बाकी चिमटी-चिमटीचा मामला.

पहिल्या दोन-तीन नावांत स्टिअरिक आम्ल दिसलं की चांगलं. फेसाला जाडी आणि टिकाऊपणा तेच देतं. खोबरेल तेल किंवा त्याची आम्लं असतील तर फेस पटकन आणि भरपूर येतो, पण प्रमाण जास्त झालं तर कातडी कोरडी पडते. म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या नंबरवर असावं, पहिल्यावर नको. ग्लिसरीन पहिल्या पाचांत हवंच, ते पाणी धरून ठेवतं आणि रेझरला घसरण देतं. शिया बटर, लॅनोलिन, बदाम तेल असं काही पुढे असेल तर डाएटवाल्यांनी दचकू नये, उलट तोच साबण उचलावा. मी ९ कॅलरीचं गणित वर केलंच आहे.

सोडियम लॉरिल सल्फेट फार वर असेल तर मी ती ट्यूब परत ठेवतो. फेस डोंगराएवढा येतो, पण दुपारपर्यंत गाल पापडासारखा होतो. पहिल्या चार-पाच नावांत अल्कोहोल डिनॅट असेल तरी तेच. मात्र सिटाइल अल्कोहोल किंवा सिटिअरिल अल्कोहोल वाचून घाबरू नका. नावात अल्कोहोल असलं तरी ते मेणासारखे मऊ करणारे पदार्थ आहेत.

उपवासाचे, चातुर्मासाचे नियम पाळणाऱ्या घरांत आणखी एक नाव बघतात: टॅलोएट. सोडियम टॅलोएट किंवा पोटॅशियम टॅलोएट म्हणजे जनावराच्या चरबीपासून केलेला साबण. परदेशी साबणांत तो अजूनही सापडतो. तुर्कस्तानची आर्को ही स्वस्त, लोकप्रिय काडी अशाच चरबीची म्हणून ओळखली जाते. तिचा फेस उत्तम आहे यात शंका नाही, पण देवघराशेजारच्या बाथरूममध्ये ती ठेवायची का, हे घरच्या माणसांना विचारून ठरवा. आपल्याकडच्या काही खोक्यांवर हिरवा ठिपका असतो, तो पाहून घेता येतो.

कीटोवाल्या, म्हणजे साखर-पिष्ट जवळजवळ बंद केलेल्या, एका मित्राचा प्रश्न होता की पारदर्शक ग्लिसरीन साबणात साखर असते म्हणे, ती चालेल का? असते, खरंच असते. साबण पारदर्शक व्हावा म्हणून काही कारागीर साखरेचं पाणी घालतात. पण तुम्ही तो साबण चाटत नसाल तर कीटोसिसला, म्हणजे साखरेऐवजी चरबी जाळण्याच्या शरीराच्या अवस्थेला, धक्का लागत नाही.

वास: याला मी कमी लेखलं होतं

पाण्यावरची दाढी सोडल्यावर, डाएट सुरू असतानाच, मी बदामाच्या वासाचं क्रीम आणलं. डोळे मिटून गालावर फेस घोळवला आणि डोळ्यांसमोर थेट संत्रा बर्फीचा डबा आला. त्या सकाळी दाढी होण्याआधीच स्वयंपाकघरात दोन चकरा झाल्या. हसण्यावारी नेऊ नका, उपाशी माणसाचं नाक तल्लख होतं. व्हॅनिला, बदाम, नारळ, कॉफी हे वास डाएटच्या पहिल्या महिन्यात टाळा. चंदन, लिंबू, कडुनिंब, खस चालतात. खसाचा वास तर मला कूलरच्या जुन्या ताट्यांची आठवण करून देतो, भुकेची नाही.

मेंथॉलचा मोह उन्हाळ्यात प्रत्येकाला होतो. मेंथॉल कातडी थंड करत नाही, थंडी जाणवणाऱ्या नसांना फसवतं. नवतप्यात सकाळी सात वाजता तो फसवणुकीचा गारवाही हवाहवासा वाटतो, कबूल. पण कातडी आधीच ओढलेली असेल, बारीक चिरा असतील, तर गारव्याच्या जागी चरचर होते. आधी चार दिवस साधं क्रीम, कातडी शांत झाली की मग मेंथॉल.

ज्यांना वासांचीच ॲलर्जी आहे त्यांनी बिनवासाचं घ्यावं. कुठलाही नवा साबण आधी कोपराच्या आतल्या बाजूला किंवा कानामागे लावून धुवा आणि एक दिवस वाट बघा. ही पायरी कंटाळवाणी आहे, मी स्वतः दोनदा टाळली आणि एकदा भोगली.

कुठून घ्यायचा

बर्डीवर आणि धरमपेठेत मोठ्या दुकानांत ट्यूबा मिळतात. एकदा पसंत पडल्यावर सहा महिन्यांचं घ्यायचं असेल तर इतवारी-गांधीबागेत घाऊक भावाची चौकशी करा. कडक वड्या आणि परदेशी काड्या मात्र बहुतेक ऑनलाइनच मागवाव्या लागतात. दुकानात घेताना ट्यूबचं झाकण उघडून टोकाला आलेलं क्रीम बघा. पाणी आणि क्रीम वेगळं झालं असेल तर ती ट्यूब उन्हात राहिलेली आहे. आपल्याकडे मालाचे टेम्पो भर दुपारी उभे असतात, हे विसरू नका.

एका वेळी एकच घ्या. आणि निकाल दोन आठवड्यांनी लावा. पहिले तीन दिवस हात नवा असतो, पुढचे तीन दिवस कातडी जुन्या साबणाचं उट्टं काढत असते.

दाढी कधी करायची

हा प्रश्न फक्त डाएटवाल्यांना पडतो, म्हणून जरा थांबून लिहितो.

नागपुरात दोन वेळा जेवणारे पुष्कळ आहेत. डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी हे सूत्र घरोघरी नेलं, दिवसातून दोनदाच आणि प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवायचं. त्याचं मूळ डॉ. श्रीकांत जिचकारांचं, म्हणजे आपल्या काटोलच्या माणसाचं, म्हणून इथं त्याचं अप्रूप जास्त. पण अशा पद्धतीत सकाळी उठल्यावर पोटात काही नसतं. त्यात गरम पाण्याची आंघोळ, बंद बाथरूम आणि मग आरशासमोर मान वर करून उभं राहणं. पहिल्या आठवड्यात मला या क्षणी दोनदा गरगरलं. हातात ब्लेड होतं.

म्हणून दाढी आधी आणि आंघोळ नंतर करा. केस मऊ व्हायला गरम फडकं दोन-तीन मिनिटं गालावर ठेवलं तरी पुरतं. हात थरथरत असेल तर पातळ ताक, पाणी, तुमच्या डाएटमध्ये बसेल ते काहीतरी पोटात जाऊ द्या आणि दहा मिनिटं बसा. खुर्चीवर बसून दाढी करण्यात कमीपणा नाही, सलूनमध्ये बसूनच करता ना? मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन सुरू असेल आणि घाम, थरथर, धडधड जाणवली तर रेझर खाली ठेवून आधी साखर तपासा. डाएट गेलं तेल लावत. आणि रक्त पातळ करणारी गोळी सुरू असेल तर या दिवसांत सरळ ट्रिमर वापरा.

८०० कॅलरीच्या खालचं डाएट डॉक्टरांच्या नजरेखालीच करायचं असतं. झपाट्यानं वजन उतरलं की पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. माझा ५०० कॅलरीचा कागद आहारतज्ज्ञ बाईंनी बघितला, घडी घातली आणि मला परत दिलाच नाही. पुढचे आठ महिने १५०० कॅलरीवर काढले, ११ किलो गेले.

फेस आणि हात

वडी असेल तर तिच्यावर आधी चमचाभर कोमट पाणी टाकून पाच मिनिटं ठेवा. ते पाणी फेकू नका, गालाला लावा. ब्रश भिजवून झटका आणि वडीवर वीस-तीस सेकंद गोल फिरवा. घट्ट लेप तयार झाला की थेंब-थेंब पाणी घालत गालावर किंवा वाटीत घोळा. ट्यूबचं क्रीम असेल तर शेंगदाण्याएवढं पुरतं, जाहिरातीत दाखवतात तेवढं नाही.

फेस बरोबर झाला हे ओळखायचं कसं? मोठे बुडबुडे दिसत असतील तर पाणी जास्त किंवा साबण कमी. फेस खडूसारखा कोरडा दिसत असेल आणि ब्रश अडत असेल तर पाणी कमी. घोटलेल्या चक्क्यासारखा, वर ओलसर चकाकी असलेला फेस हवा. (चक्क्याचं नाव काढल्याबद्दल माफी.) नवखे लोक पाणी कमी घालतात, म्हणून दिसायला मऊ आणि प्रत्यक्षात कोरडा फेस होतो. डाएटवरच्या कातडीला तो सगळ्यात वाईट.

पहिला हात केस ज्या दिशेला झुकले आहेत त्या दिशेनं. गळ्यावर केस बहुतेकांचे तिरपे किंवा भोवऱ्यासारखे असतात, आधी कोरड्या बोटांनी चाचपून बघा. वजन उतरल्यावर सैल झालेली कातडी दुसऱ्या हातानं कानाकडे किंवा खाली ताणून धरा. जबड्याखालच्या नव्या खळग्यात हवा भरून गाल फुगवण्याची युक्ती काम करत नाही, तिथं मान विरुद्ध बाजूला वळवावी लागते. उलट्या दिशेनं दुसरा हात पहिला महिनाभर मारूच नका. गुळगुळीत नाही झाली तरी चालेल, ऑफिसमध्ये लोक तुमचं पोट बघणार आहेत. ब्लेड चार-पाच दाढ्यांनंतर बदला.

दाढीनंतर

साबण अल्कली असतो, त्याचा पीएच ९-१० च्या आसपास, आणि कातडी किंचित आम्लधर्मी, ५ च्या आसपास. म्हणून फेस नीट धुऊन काढा, कानामागचा आणि नाकाखालचा विशेषतः. तुरटी फिरवायची असेल तर अर्ध्या मिनिटात धुवा, तिनं रक्त थांबतं पण कातडी ओढते. आफ्टरशेव्हची झणझणीत अल्कोहोलवाली बाटली डाएट संपेपर्यंत कपाटात राहू द्या.

आणि मग क्रीम लावा. हो, क्रीम. ओल्या गालावर. अजूनही धाकधूक असेल तर पेट्रोलियम जेलीचं बोट फिरवा. ती खनिज तेलाची असते, शरीराला ती पचवताच येत नाही, म्हणजे शून्य कॅलरी. उन्हाळ्यात चिकट वाटते, तेव्हा कोरफडीचा गर चालेल. एसीत झोपणाऱ्यांना याची जास्त गरज पडते, कारण एसी हवा कोरडी करतो. कूलर उलट हवेत ओल सोडतो, त्या बाबतीत आपला लोखंडी कूलर गालाला दयाळू आहे. डिसेंबर-जानेवारीत पारा १० च्या खाली उतरतो तेव्हा मात्र दोघांचाही उपयोग नाही, तेव्हा रात्रीही क्रीम लागतं.

ठेवायचं कसं

वडी वापरल्यावर लगेच झाकण लावू नका, तासभर उघडी सुकू द्या. पावसाळ्यात ओली वडी झाकली तर वर बुळबुळीत थर धरतो आणि वास बदलतो. ब्रश धुऊन झटकून केस खाली येतील असा टांगा, निदान आडवा ठेवा. मे महिन्यात वडी सुकून तिला बारीक तडे जातात, त्यानं काही बिघडत नाही, चमचाभर पाण्यानं ती सांधते. ट्यूब गिझरच्या वरच्या फळीवर ठेवू नका. आणि जुनी, अर्धी भरलेली ट्यूब कचऱ्यात टाकली असेल तर बायकोला आधी सांगून मग नवी आणा. माझ्या घरी तो विषय अजून निघतो.